दार सोडायचे वाक्य

सकाळी आई आधी स्वतःचा चष्मा पुसत असे आणि मग मामाच्या सदऱ्याची बटणे लावत असे. हा क्रम तिने कधी बदलला नव्हता. मामा खिडकीजवळच्या स्टुलावर पाठ ताठ करून बसे आणि हनुवटी वर करी. आई त्याच्यासमोर उभी राहून गळ्यापासून खाली एकेक बटण काजात सरकवत जाई. शेवटचे बटण लागले की ती सदऱ्याचा पुढचा भाग दोन्ही तळव्यांनी खाली ओढून सारखा करी आणि किल्ल्यांची दोरी त्याच्या गळ्यात घाली. मामाच्या उजव्या हाताची मधली तीन बोटे पेरांपाशी चिरडून वेडीवाकडी जुळली होती. ती वाकत नसत, आणि मिटतही नसत. एकट्या डाव्या हाताने बटणांशी झटापट करणे त्याने फार पूर्वीच सोडून दिले होते.

"जरा सैल ठेव गं," मामा म्हणाला. "फाशीच द्यायची असेल तर आधी चहा तरी पाज."

"मान हलवू नकोस. साठी उलटली तरी घोड्यासारखी मान झटकतोस."

"घोड्याला बटणं नसतात, ताई. सुखी प्राणी."

टेबलाशी बसून प्राध्यापिका हे ऐकत होती. ती या घरातली एकुलती एक मुलगी. कॉलेजात इंग्रजी शिकवत होती, आणि वयाची चाळिशी गाठली तरी मामासाठी अजून 'चिमी'च होती. तिच्यापुढे चहाचा कप आणि नाटकाची संहिता होती. संध्याकाळी तालीम होती. ज्या पानावर तिची नजर पुन्हा पुन्हा जात होती, तिथे एका वाक्यावर तिनेच लाल शाईने काट मारली होती.

नाटक मूळचे इंग्रजी होते, कित्येक शतकांपूर्वीचे. एका सरदाराच्या किल्ल्याचा मागचा दरवाजा रात्री कोणीतरी उघडतो आणि शत्रू आत शिरतो. सरदार म्हाताऱ्या द्वारपालाला पकडतो, त्याचीच बोटे त्याच दरवाज्याच्या फटीत घालतो आणि दार दाबत नाव विचारत राहतो. शेवटी द्वारपाल आपल्या धाकट्या भावाचे नाव सांगतो. गोऱ्या साहेबांच्या काळापासून हे नाटक कॉलेजात शिकवले जात होते. प्राध्यापिकेने स्वतः परीक्षेत या प्रवेशातल्या वृत्ताच्या सौंदर्यावर निबंध लिहिला होता आणि त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. त्या निबंधात बोटांचा उल्लेख नव्हता. त्या परीक्षेच्या दिवशी सकाळीही घरात आईने मामाची बटणे लावलीच होती.

गोदी कामगारांच्या युनियनने मोठ्या संपाच्या वर्धापनदिनी हे नाटक आपल्या मातीत आणायचे ठरवले, तेव्हा रूपांतराचे काम तिच्याकडे आले. किल्ल्याचे तिने पोलीस ठाणे केले. सरदाराचा फौजदार झाला आणि द्वारपालाचा गोदीचा रखवालदार. साहेब निघून गेल्यावर त्यांची खुर्ची, त्यांचा पट्टा आणि त्यांची दंडुक्याची भाषा ज्यांच्या हाती आली, त्यांचे नाटक तिला लिहायचे होते. ते तिने मन लावून लिहिले. रखवालदाराचे काम मामाने स्वतः मागून घेतले.

"युनियनच्या हॉलचं दार मी रोज उघडतो, रोज लावतो," तो म्हणाला होता. "मला मेकअपसुद्धा लागणार नाही."

संपाच्या वेळी मामाला खरोखरच ठाण्यात नेले होते. त्याची बोटे तिथेच गेली. संपाचा पुढारी कुठे लपला आहे, ते त्याने तिथेच सांगितले. तो पुढारी म्हणजे त्याच्या बहिणीचा नवरा, म्हणजे प्राध्यापिकेचे वडील. घरात हे तिघांनाही ठाऊक होते. बाहेर ज्यांना ठाऊक होते त्यांनी कानाडोळा केला, आणि मामाला हॉलच्या किल्ल्या दिल्या. हॉलच्या भिंतीवर वडिलांचा मोठा फोटो होता. त्याच्या काचेवरची धूळ मामाच पुसत असे.

मामाने भूमिका मागितल्यावर प्राध्यापिकेने घरी येऊन ते एक वाक्य कापले. आपल्या नाटकातला रखवालदार नाव सांगणार नाही, असे तिने ठरवले. दिग्दर्शकाला ते इतके आवडले की त्याने टेबलावर मूठ आपटली.

"हेच पाहिजे होतं, बाई! गोऱ्यांचा नोकर फुटेल. आपला माणूस फुटत नाही."

तिने मान डोलावली होती. खरे कारण तिने त्याला सांगितले नव्हते. मामालाही नाही.

*

तालमीला हॉलमध्ये घामाचा आणि वॉर्निशचा वास भरला होता. पाडलेल्या एका जुन्या सरकारी इमारतीतून दिग्दर्शकाने सागवानी दार उचलून आणले होते. चौकटीसकट ते रंगमंचाच्या मधोमध उभे होते. मामाने पहिल्याच दिवशी त्याच्याभोवती फेरी मारून निकाल दिला होता, "हे ते नाही. त्याची कडी डाव्या अंगाला होती."

प्रवेशाची रचना साधी होती. मामा चौकटीच्या प्रेक्षकांकडच्या बाजूला गुडघ्यांवर बसे आणि बिजागरीच्या फटीत डाव्या हाताची बोटे घाली. "उजव्याचं काम झालंय. आता डाव्याला संधी देऊ," असे त्याने हसत सांगितले होते. दाराच्या पलीकडून फौजदार खांद्याने दार दाबी. दार पूर्ण मिटू नये म्हणून चौकटीत आतल्या बाजूने लाकडी गुटका ठोकला होता. तो प्रेक्षकांना दिसत नसे. फौजदाराचे काम गोदीतला एक वेल्डर करत होता. अंगाने तो आडदांड होता, पण स्वभावाने इतका गरीब की शिवी हासडण्याआधी तो मामाकडे पाहून डोळ्यांनीच माफी मागे.

"मामा, घरी बायको ओरडली तर माझा आवाज निघत नाही, आणि तुम्ही मला फौजदार करता," तो म्हणाला.

"म्हणूनच तर. साठलेलं सगळं इथे काढ."

"हातचं राखू का थोडं?"

"माझ्या हातचं काय राहिलंय राखायला? दाब बिनधास्त."

त्या प्रवेशाला शेवट नव्हता, ही गोष्ट कित्येक तालमी होऊनही वेल्डरशिवाय कोणाच्या ध्यानात आली नव्हती. मूळ नाटकात द्वारपाल नाव सांगतो आणि त्या नावावर सरदार दार सोडतो. दारामागे उभ्या असलेल्या नटाला समोरचा चेहरा दिसत नसतो, त्याला कानांवरच विसंबावे लागते. नाव काढल्यावर वेल्डरला सोडण्याची खूण उरली नव्हती. त्याने हे विचारलेही होते, आणि दिग्दर्शकाने उत्तर दिले होते, "तुझ्या आतून येईल तेव्हा सोड. मामा ओरडतील. ओरडू दे. त्यांचं ओरडणं हा अभिनय आहे. त्याला भुललास तर प्रवेश मेला."

त्यामुळे प्रवेश रोज लांबत गेला होता. रोज दार जास्त जोराने दाबले जाई, रोज ओरडणे वाढे, आणि रोज दिग्दर्शक म्हणे, "अजून. प्रेक्षकाला पळून जावंसं वाटलं पाहिजे."

"सुरू करा," दिग्दर्शक म्हणाला.

वेल्डरने मामाला मानगुटीला धरून फरफटत आणले, गुडघ्यांवर पाडले, कानशिलात दिली. थापेचा आवाज मामानेच मांडीवर हात मारून काढला. ते त्यांचे ठरलेले होते. मग वेल्डरने त्याची बोटे फटीत घातली आणि तो दारामागे गेला.

"कोणी उघडलं फाटक?"

मामा गप्प.

"नाव सांग!"

दार दाबले गेले. लाकूड करकरले. मामा ओरडला, रोजच्यासारखा, घशाच्या तळातून.

"अजून!" दिग्दर्शक खालून म्हणाला.

वेल्डरने दोन पावले मागे जाऊन खांदा आदळला. काहीतरी टणकन उडाले आणि फळ्यांवर घरंगळत गेले. तो गुटका होता. ते नंतर कळले. मामाच्या ओरडण्यात फरक पडला. आवाज वर गेला, मध्येच तुटला, आणि मग नुसता श्वास उरला, ओल्या कापडातून यावा तसा. दारामागून वेल्डर पुन्हा गरजला, "नाव सांग!" आणि त्याने आणखी जोर लावला, कारण त्याला सांगितलेलेच तसे होते.

प्राध्यापिका विंगेत बसून वाक्ये सांगण्याचे काम करत होती. सवयीने तिची नजर पुढचे वाक्य शोधायला पानावर गेली. तिथे लाल काट होती. तिने मान वर केली. मामाचे ओठ हलत होते, तोंड उघडे होते, आणि चौकटीवरून खाली रक्ताची बारीक धार ओघळत होती.

"सोड!" ती किंचाळली. "अरे सोड त्याला! सोड!"

वेल्डरने दार सोडले. मामाचा हात फटीतून गळून मांडीवर पडला. एक बोट मधल्या पेरापासून बाजूला वळले होते आणि नख जागेवर नव्हते. वेल्डर दारामागून आला, त्याने ते पाहिले आणि मटकन खाली बसला. आपल्या एवढ्या मोठ्या तळहातांनी त्याने स्वतःचेच थोबाड फोडून घ्यायला सुरुवात केली. ही थाप मांडीवरची नव्हती. दोघांनी त्याचे हात धरले तेव्हा त्याच्या ओठातून रक्त येत होते.

"उगी रे," मामा दात आवळून म्हणाला. "फौजदार रडत नसतात."

*

दुसऱ्या दिवशी मामा जेवायला बसला तेव्हा त्याचा डावा हात पट्टीत होता आणि उजवा होता तसाच. आई त्याला भरवत होती. घास देताना चमचा दातांवर जरा जोराने आपटत होता, एवढाच तिचा राग.

"दिग्दर्शकांचा निरोप होता," प्राध्यापिका म्हणाली. "तुझ्या जागी दुसरा बघतोय म्हणाले. मी हो म्हटलं."

"कुणाला विचारून?"

"मामा, बोट मोडलंय तुझं."

"बोटं मोडण्यात माझा हात कोण धरणार?" मामा हसला, मग हसायचा थांबला. "चिमे, एक विचारू? ते वाक्य का कापलंस?"

तिने तयार ठेवलेले उत्तर दिले. आपल्या प्रेक्षकांना पराभव दाखवायचा नव्हता, रूपांतर म्हणजे नुसते कपडे बदलणे नव्हे, असे काहीसे. कॉलेजच्या वर्गात ते उत्तर शोभले असते. मामाने ते शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"आता खरं सांग."

"तुला ते चारचौघांत बोलावं लागू नये म्हणून," ती म्हणाली.

"हं." मामाने आईने पुढे केलेला घास मानेने नाकारला. "काल गुटका निसटला ना, ते मला पहिल्या दाबातच कळलं होतं. 'थांब' म्हणता आलं असतं. माझी जीभ काही फटीत नव्हती."

"मग का नाही म्हणालास?"

"म्हटलं, बघू, या वेळी जमतंय का."

आईच्या हातातला चमचा ताटात खाली आला.

"तू लिहिलंयस ना, आपला माणूस फुटत नाही. म्हटलं, एवढं शिकलेली पोर लिहिते, तर करून बघू. पहिलं पेर गेलं तोवर जमलं. पुढच्याला तोंडात नाव आलंच होतं, चिमे. तेच नाव, इतक्या वर्षांनी. तू ओरडलीस म्हणून राहिलं." त्याने पट्टीतला हात ताटाच्या बाजूला ठेवला. "ते मौन माझं नाही. तुझ्या बापाचं आहे. त्याचं मौन तू माझ्या तोंडात घातलंस. मला ते मापात बसत नाही."

वडिलांचे प्रेत ठाण्याच्या मागच्या आवारातून घरी आणले, तो दिवस प्राध्यापिकेला पुसटसा आठवत होता. कोणीतरी तिला दुसऱ्या खोलीत नेले होते, पण त्याआधी तिने पाहिले होते की बाबांचा जबडा एका बाजूला लोंबतो आहे आणि तोंडात दात नाहीत. ठाण्यात बाबा काही बोलले नव्हते. नंतर सगळे तसेच सांगत आले. भिंतीवरच्या फोटोत त्यांचे तोंड मिटलेले होते.

"मी वाक्य परत घातलं," ती शेवटी म्हणाली, "तर तो फोटो समोर असणार आहे. हॉल भरलेला असणार. नाटक आहे म्हणून कोणी सोडून देणार नाही. लोक तुला किल्ल्या परत मागतील."

"मागू देत. दार उघडायला आता बोटंही नाहीत."

"आणि आई?"

दोघांनी आईकडे पाहिले. तिने चष्मा काढून पदराने पुसला, सकाळी पुसावा तसा.

"हा सुटून घरी आला," आई म्हणाली, "तो दारातच उभा राहिला. आत येईना. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, 'ताई, मी सांगितलं.' मी ह्याच्या हाताकडे बघितलं. फडकं गुंडाळलेलं, आणि आत नुसता चिखल. त्या हाताला मी काय विचारणार होते? त्यानंतर दोन वर्षं मी ह्याच्याशी बोलले नाही."

"बटणं लावायचीस की," प्राध्यापिका म्हणाली.

"बटणं लावायला बोलावं लागत नाही." आईने चमचा पुन्हा उचलला. "मला रागच आला नाही, असं कोणी म्हणू नये. हा झोपला की मनात यायचं, उशी दाबावी तोंडावर. एकदा उशी उचललीही होती. उद्या बटणं कोणाला लावणार, म्हणून खाली ठेवली. तुझ्या नाटकात न फुटणारा माणूस घरी परत येतो का गं?"

"नाही. मरतो."

"मग त्याला सोपं आहे," आई म्हणाली, आणि तिने मामाच्या तोंडाशी घास नेला. "आ कर."

*

पुढचे दोन दिवस प्राध्यापिकेने कॉलेजात तास घेतले, वह्या तपासल्या आणि दिग्दर्शकाला निरोप पाठवला की मामाच काम करतील, डॉक्टरांची हरकत नाही. निम्मे खरे होते. डॉक्टरांना कोणी विचारलेच नव्हते. मग तिने ते पान टेबलावर घेतले. मूळ इंग्रजी वाक्यात धाकटा भाऊ होता, आणि आधीच्या भाषांतरात तिने तो तसाच ठेवला होता. आता तिने काट मारलेल्या ओळीच्या खाली नवी ओळ लिहिली आणि पान मामापुढे धरले.

मामाने डोळे बारीक करून वाचले. "भाऊ होता ना इथे?"

"इंग्रजीत भाऊ आहे. आपल्यात बहिणीचा नवरा आहे."

मामाने ती ओळ पुन्हा वाचली. "आत्ता झालं भाषांतर," तो म्हणाला.

दिग्दर्शकाला तिने काही सांगितले नाही. सांगितले असते तर त्याने वाद घातला असता, आणि कदाचित तिला हरवलेही असते. आपल्या माणसाच्या शौर्याची बाजू मांडायला फार थोडे शब्द लागतात. प्रयोगाच्या संध्याकाळी ती रंगपटात वेल्डरकडे गेली. तो खाकी सदरा घालून आरशापुढे बसला होता.

"बाई, माझ्याने होणार नाही. दार दिसलं तरी मला कसंतरी होतं."

"आज शेवटाला मामा सांगतील," ती म्हणाली. "एका माणसाचं नातं सांगतील. ते शब्द कानावर आले की दार सोडायचं. लगेच. 'अजून' असं कोणीही ओरडलं तरी."

वेल्डरने तिच्याकडे पाहिले. "म्हणजे ते फुटणार?"

"हो."

त्याने लांब श्वास सोडला. "मग जमेल," तो म्हणाला. "थांबायचं कुठे तेवढंच कळत नव्हतं."

गुटक्याला नवे स्क्रू मारले होते. तिने तो स्वतः हाताने हलवून पाहिला. मग ती विंगेतल्या आपल्या स्टुलावर जाऊन बसली. पहिल्या रांगेत, भिंतीवरच्या फोटोच्या बरोबर खाली, आई बसली होती. नाटक पाहायला ती या हॉलमध्ये पहिल्यांदाच आली होती.

प्रवेश सुरू झाला. वेल्डरने मामाला फरफटत आणले, त्याच्या पोटात लाथ घातली, केस धरून त्याचे डोके चौकटीवर आपटले. खाली कोणीतरी हुंदका दाबला. मग वेल्डरने हात फटीत घालण्यासाठी धरला, आणि मामाने डावा, पट्टीतला हात मागे घेऊन उजवा पुढे केला. हे तालमीत कधी झाले नव्हते. त्या वाकड्या बोटांना पाहून वेल्डर क्षणभर थबकला. मग त्याने ती हळूच फटीत ठेवली आणि तो दारामागे गेला.

"कोणी उघडलं फाटक? नाव सांग!"

दार दाबले गेले. मामा ओरडला. हॉलमध्ये लोक खुर्च्यांच्या कडेला सरकले. दार पुन्हा दाबले गेले, पुन्हा, आणि मागच्या बाजूने गर्दीतून एक म्हातारा गोदी कामगार उभा राहून ओरडला, "सांगू नको रे! सांगू नको!" आणखी दोघांनी त्याला साथ दिली. मागे भिंतीला टेकून उभा असलेला दिग्दर्शक समाधानाने मान हलवत होता.

मामाने ओरडणे थांबवले. त्याने मान वळवून पहिल्या रांगेकडे पाहिले. मग त्याने अगदी साध्या आवाजात, घरात पाणी मागावे तसे, ते वाक्य म्हटले.

"माझ्या बहिणीचा नवरा. तो गोदीत लपलाय."

हॉलमध्ये पंख्यांचा आवाज तेवढा राहिला. उभा राहिलेला म्हातारा खाली बसला नाही. दिग्दर्शकाची मान थांबली होती, आणि तो विंगेच्या दिशेने पाहत होता. आई जागची हलली नाही. तिचे दोन्ही तळवे मांडीवर होते. सदऱ्याचा पुढचा भाग सारखा करावा तसे ते एकदा पुढे सरकले आणि तिथेच राहिले.

दारामागे वेल्डरने खांदा काढून घेतला. दोन्ही हातांनी कड धरून त्याने दार हळूहळू मागे घेतले, फट पुरती मोकळी होईपर्यंत.

प्राध्यापिकेने पान उलटले. पुढचे वाक्य फौजदाराचे होते. तिने ते सांगण्यासाठी ओठ हलवले, पण गरज पडली नाही. त्याला ते पाठ होते.